66 नावे आणि न मिळालेली माहिती : 14 एप्रिल 1944 च्या स्मरणाचा प्रकरण अभ्यास

मुंबई अग्निशमन दलाच्या भायखळा येथील मुख्यालयात दरवर्षी 14 एप्रिलला हुतात्मा सहकाऱ्यांच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिले जाते आणि मानवंदना दिली जाते. त्या दिवसापासून सुरू होणारा अग्निशमन सेवा सप्ताह 20 एप्रिलपर्यंत देशभर पाळला जातो. 1944 च्या त्या दिवशी मुंबईच्या गोदीत दारूगोळा वाहणाऱ्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागून स्फोट झाला. एका शहराच्या महापालिकेच्या सेवेतील 66 माणसे त्या एका दुपारी आग विझवताना गेली आणि त्यांचा दिवस संपूर्ण देशातील अग्निशमन सेवेचा स्मृतिदिन झाला, असे उदाहरण आपल्याकडे दुसरे सापडणे कठीण आहे. म्हणूनच स्थानिक लोकसेवेतील दिवंगत सहकाऱ्यांचे स्मरण कसे टिकते, त्यात काय शिल्लक राहते आणि काय गळून पडते, हे तपासण्यासाठी हे प्रकरण निवडले आहे.

माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. या स्मरणात शौर्य उत्तम रीतीने जपले गेले, परंतु ती माणसे ज्या अज्ञानात काम करत होती आणि ते अज्ञान ज्यांच्या निर्णयांमुळे निर्माण झाले, तो भाग समारंभांतून हळूहळू बाजूला पडला. तो भाग परत आणल्याशिवाय त्या 66 जणांचे स्मरण पूर्ण होत नाही, असे मला वाटते आणि पुढील मांडणी त्याच भूमिकेतून केली आहे.

जहाज आणि त्यातील माल

‘फोर्ट स्टिकीन’ हे 7,142 टनांचे ब्रिटिश मालवाहू जहाज 1942 मध्ये कॅनडातील प्रिन्स रूपर्ट येथे बांधले गेले होते. 24 फेब्रुवारी 1944 रोजी ते इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाले आणि जिब्राल्टर, पोर्ट सैद व कराची या मार्गाने 12 एप्रिलला मुंबईला पोहोचून व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात सुमारे 1,395 टन स्फोटके व दारूगोळा होता आणि त्यांपैकी 238 टन माल अतिसंवेदनशील वर्गातील होता. याशिवाय लढाऊ विमानांचे पेटारे होते आणि 31 खोक्यांमध्ये प्रत्येकी चार याप्रमाणे सोन्याच्या लगडी होत्या. कराचीत जहाजाचा काही भाग रिकामा झाल्यावर त्यात कापसाच्या सुमारे 8,700 गाठी, तेलाची पिंपे, लाकूड आणि भंगार लोखंड भरण्यात आले.

कापूस आणि स्फोटके एकाच फाळक्यात, म्हणजे जहाजाच्या पोटातील मालाच्या कप्प्यात, ठेवणे धोक्याचे आहे, हे जहाजावरच्या लोकांना ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. युद्धामुळे जहाजांची टंचाई होती आणि रिकामी जागा घेऊन जहाज पुढे पाठवणे परवडणारे नव्हते. शांततेच्या काळात स्फोटकांचे जहाज गोदीच्या आत न आणता बाहेर खाडीत उभे करून त्यातला माल पडावांमध्ये, म्हणजे माल वाहणाऱ्या होड्यांमध्ये, उतरवून घेत. युद्धकाळात ही शिस्त सैल झाली. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावला जाणारा लाल बावटाही या जहाजावर नव्हता. ज्यांना पुढे याच जहाजावर पाणी मारायला यावे लागणार होते, त्या माणसांच्या दृष्टीने ते धक्क्याला लागलेल्या इतर मालवाहू जहाजांसारखेच एक जहाज होते.

शुक्रवारची दुपार

14 एप्रिलला, शुक्रवारी, दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या फाळक्यात आग असल्याचे जहाजावरच्या लोकांच्या ध्यानात आले. खालच्या बाजूला कापूस धुमसत होता आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटके होती. वर्दी गेली, बंब आले, धक्क्यावरून आणि जहाजावरून होज सोडले गेले. पुढच्या दोन तासांत जहाजात सुमारे 900 टन पाणी ओतले गेले, तरी दाट धुरामुळे आगीचे मूळ सापडत नव्हते आणि आतले पाणी उष्णतेने उकळू लागले होते.

येथे कापसाच्या आगीचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय त्या दोन तासांतील श्रमांचे मोल कळत नाही. दाबून बांधलेली गाठ बाहेरून भिजली तरी आतपर्यंत पाणी पोहोचत नाही. ती आतल्या आत धुमसत राहते. फाळक्यात पाणी चढू लागले की गाठी पाण्याबरोबर वर तरंगतात. म्हणजे जे पाणी आग विझवण्यासाठी आत जात होते, तेच धुमसत्या गाठींना वरच्या स्फोटकांकडे उचलून नेत होते. ज्या हातांनी होज धरले होते, त्यांना हे दिसण्याची सोय नव्हती. फवारा थांबला नव्हता आणि शिस्त मोडली नव्हती. परंतु फाळक्यात कोणता माल कोणत्या क्रमाने रचला आहे, हे कळल्याशिवाय त्या कौशल्याचा उपयोग मर्यादितच राहणार होता.

या परिस्थितीत मार्ग दोनच होते. जहाज गोदीतून बाहेर ओढून न्यायचे किंवा ते जागच्या जागी बुडवायचे. दोन्ही मार्गांना अडचणी होत्या, आणि त्याहून मोठी अडचण अशी की निर्णय घेण्याचा निर्विवाद अधिकार धक्क्यावर उभ्या असलेल्यांपैकी एकाही व्यक्तीकडे नव्हता. जहाजाचा कप्तान होता, अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स होते, गोदीचे व्यवस्थापन होते, लष्कराचे दारूगोळा अधिकारी होते. प्रत्येकाकडे आपापल्या क्षेत्राची माहिती होती आणि प्रत्येकाचा सल्ला वेगळा होता. वेळ गेला तो या सल्ल्यांच्या मधल्या जागेत. खाली जवान मात्र पाणी मारत राहिले, कारण त्यांना दिलेला हुकूम तेवढाच होता आणि तो त्यांनी पाळला.

3 वाजून 50 मिनिटांनी जहाज सोडण्याचा आदेश झाला. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. या सोळा मिनिटांत जहाजावरून धक्क्यावर उतरता येते, परंतु धक्काही स्फोटाच्या टप्प्यात असेल तेव्हा उतरून फारसे काही साधत नाही. पहिल्या स्फोटाने जहाजाचे दोन तुकडे झाले, 12 किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. अर्ध्या तासाने दुसरा आणि अधिक मोठा स्फोट झाला. त्याचे धक्के दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदले गेले.

अग्निशमन दलाचे 66 जण गेले. कूम्ब्स जखमी होऊन वाचले.

मागे राहिलेल्यांचे तीन दिवस

स्मरणाच्या लिखाणात मृत्यूच्या क्षणाजवळ थांबण्याची आपली सवय असते. या प्रकरणात त्यानंतरचे तीन दिवस तितकेच महत्त्वाचे आहेत. स्फोटांनी जळता कापूस, लाकूड आणि लोखंड गोदीभोवतीच्या वखारींवर आणि वस्तीवर फेकले. आग आटोक्यात आणण्यास तीन दिवस लागले. 13 जहाजे गेली, सुमारे 80,000 माणसे बेघर झाली, आणि पुढे सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसण्यासाठी 8,000 माणसे सात महिने राबली.

याचा साधा अर्थ असा की ज्या दलाने दुपारी चारच्या सुमारास आपली 66 माणसे गमावली, त्याच दलाच्या उरलेल्या माणसांना त्याच संध्याकाळी आणखी मोठ्या आगीसमोर उभे राहावे लागले. कोण गेले आणि कोण केवळ सापडत नाही, हे अजून ठरायचे होते. शोक करण्यासाठी वेळ नव्हता, आणि लोकसेवेतील मृत्यूचे हे एक कायमचे वैशिष्ट्य आहे. ज्या घटनेत सहकारी जातो ती घटना त्याच्या जाण्याने संपत नाही आणि पुढची पाळी त्याच जागी कामाला लागते. नंतरच्या समारंभांनी या उरलेल्या माणसांचे काम फारसे सांगितलेले नाही. माझ्या दृष्टीने दिवंगतांना त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहिलेली पहिली श्रद्धांजली ती होती, आणि कार्यक्रमात तिचा उल्लेख नावांच्या लगेच नंतर यायला हवा.

मौनाचा काळ

सार्वजनिक शोक लांबण्याचे आणखी एक कारण होते, ते म्हणजे युद्धकालीन वार्तानियंत्रण. 15 एप्रिलला ही बातमी बाहेरच्या जगाला जपानच्या ताब्यातील रेडिओ सायगावने सांगितली. ब्रिटिश सरकारने वृत्तपत्रांना सविस्तर वृत्त छापू दिले ते मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. मुंबईकरांनी आवाज ऐकला होता, धूर पाहिला होता, नातेवाईक गमावले होते. तरीही जे घडले त्याचे अधिकृत वर्णन जवळपास महिनाभर छापून आले नाही.

स्मरणावर याचा दूरगामी परिणाम झाला असावा असे मला वाटते. मृत्यूनंतरचे पहिले काही आठवडे आठवणी गोळा करण्याचे असतात. कोण कुठे उभा होता, शेवटचे काय बोलला, त्याला काय सांगितले गेले होते, हे सारे त्या आठवड्यांत ताजे असते आणि एकमेकांशी ताडून पाहता येते. ते आठवडे मौनात गेले की उरते ती संख्या आणि गौरवाची भाषा.

त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लेनर्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. आग कापसात बहुधा निष्काळजीपणाने टाकलेल्या सिगारेटमुळे लागली असावी, असे मानले गेले. परंतु एका सिगारेटचे रूपांतर एवढ्या मोठ्या संहारात कशामुळे झाले, याचे उत्तर मालाच्या रचनेत, सैल झालेल्या नियमांत आणि धक्क्यावरच्या विभागलेल्या अधिकारात आहे. चौकशीचे कागद एका दप्तरात गेले आणि स्मृतिदिन दुसऱ्या दप्तराकडे आला. या दोहोंची पुन्हा गाठ पडली नाही, आणि मला या प्रकरणातील सर्वांत मोठी उणीव हीच वाटते.

नावांच्या यादीची सीमा

मृतांची संख्या निश्चित सांगता येत नाही. अंदाज 800 पासून 1,300 पर्यंत जातात. गोदीतील विविध सेवांशी संबंधित 231 जण गेले असे नोंदले गेले आहे आणि त्यांत अग्निशमन दलाचे 66 जण येतात. म्हणजे उरलेले 165 जण त्याच धक्क्यावर, त्याच कामाच्या वेळेत, त्याच कारणाने गेले. सामान्य नागरिकांपैकी मृतांची संख्या 500 हून अधिक होती.

66 हा आकडा देशभर पोहोचला आणि 165 हा आकडा वजाबाकी करून काढावा लागतो, यामागे कोणाचा दुष्ट हेतू नाही. अग्निशमन दलाकडे हजेरीपट होता, गणवेश होता, ठाणी होती, आणि आपल्या माणसांना आपले म्हणणारी संस्था होती. गोदीतील पुष्कळसे मजूर त्या काळी टोळीवाल्यांमार्फत, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मुकादमांमार्फत, रोजंदारीवर कामाला येत. आज आलेला मजूर उद्या येईल की नाही, याची नोंद ठेवणे कोणावर बंधनकारक नव्हते. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा 1948 मध्ये, म्हणजे स्फोटानंतर चार वर्षांनी झाला. जिवंतपणी ज्याचे नाव नोंदले गेले नाही, त्याचे नाव मृत्यूनंतर वाचले जात नाही. स्थानिक सेवांमधील कंत्राटी आणि रोजंदारीच्या माणसांबाबत आजही हाच प्रश्न उभा राहतो, आणि दिवंगत सहकाऱ्यांची यादी करताना ‘सहकारी’ कोणाला म्हणायचे हे ठरवण्याची जबाबदारी यादी करणाऱ्यावर येते. एकाच आगीसमोर शेजारी उभे राहून काम करणारी माणसे सहकारी असतात. वेतन कोणत्या खात्यातून निघते, यावर ते ठरू नये.

हेच पुन्हा घडले

माहितीचा मुद्दा मी एवढ्या आग्रहाने का मांडतो, हे दोन परदेशी घटनांवरून स्पष्ट होईल. मुंबईच्या स्फोटानंतर तीनच वर्षांनी, 16 एप्रिल 1947 रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात ‘ग्रँडकॅम्प’ या जहाजावर अमोनियम नायट्रेटला आग लागली. विझवायला गेलेल्या स्थानिक स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या 28 जणांपैकी 27 जण स्फोटात गेले. 4 ऑगस्ट 2020 रोजी लेबनॉनमधील बैरूत बंदरात गोदामाला आग लागल्याची वर्दी आली, दलाच्या दहा जणांची तुकडी गेली, आणि आत 2,750 टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षे पडून आहे हे त्यांना सांगण्यात आले नव्हते. त्या दहांपैकी एकही परतला नाही. तीन देश, तीन काळ, आणि तिन्ही ठिकाणी दाराशी पोहोचलेल्या माणसाला आत काय आहे याची पुरेशी कल्पना दिलेली नव्हती. शौर्य तिन्ही ठिकाणी सारखेच होते, म्हणून केवळ शौर्याची आठवण ठेवून चौथी घटना टळेल असे मानता येत नाही.

मुंबईतील नंतरची एक घटना याच संदर्भात वेगळ्या कारणाने नोंदवायला हवी. 9 मे 2015 रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि इमारत कोसळली. दलाचे संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तेथेच गेले. सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांचा भाजल्यामुळे पुढच्या दिवसांत रुग्णालयात मृत्यू झाला. घटनेची तारीख एक आणि मृत्यूच्या तारखा वेगवेगळ्या, ही गोष्ट यादी करताना फार महत्त्वाची ठरते. येथे चौघेही अधिकारी होते आणि साऱ्या शहराचे लक्ष होते, म्हणून चौघांची नावे एकत्र राहिली. परंतु घटनेनंतर आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, तेव्हा फुप्फुसात गेलेल्या धुराने किंवा झालेल्या जखमेने एखादा कनिष्ठ जवान गेला, तर त्याचे नाव यादीत चढवायला कोणीतरी अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज बहुतेक वेळा एकट्या कुटुंबावर येऊन पडतो. वास्तविक हे काम त्याच्या ठाण्याचे आहे.

स्मृतिदिनात काय असावे

या प्रकरणावरून मी स्थानिक सेवेतील कोणत्याही कार्यालयाला काही गोष्टी सुचवीन, मग ती सेवा अग्निशमनाची असो, सफाईची, वीजपुरवठ्याची किंवा रुग्णवाहिकेची. नावे वाचावीत, सावकाश आणि पूर्ण वाचावीत. याबद्दल दुमत नाही. परंतु नावांबरोबर ती घटना वेळेच्या क्रमाने सांगितली जावी. वर्दी किती वाजता आली, पोहोचलेल्यांना तेव्हा काय माहीत होते, कोणती माहिती कोणाकडे होती आणि ती कुठे अडकली, निर्णय कोणाकडे होता, हे सर्व नव्याने सेवेत आलेल्या माणसाने त्याच दिवशी ऐकले पाहिजे. भाषणातल्या विशेषणांनी जे साधत नाही ते अशा साध्या कालक्रमाने साधते. 1944 चा कालक्रम ऐकलेला जवान पुढे कोणत्याही गोदामासमोर उतरताना आत कोणता माल आहे आणि तो कसा रचला आहे, हे आधी विचारील. त्या 66 जणांना तो प्रश्न विचारण्याची संधी आणि उत्तर देणारा माणूस, दोन्ही लाभले नव्हते.

कुटुंबांना दिवसाचे पाहुणे म्हणून बोलावण्यापलीकडे त्यांच्याकडून माहिती घ्यावी, असेही वाटते. नावाचे योग्य लेखन, हुद्दा, गाव, घरात कोणत्या नावाने हाक मारत, या गोष्टी कार्यालयाच्या कागदांत नसतात, आणि एका पिढीनंतर त्या कोणाकडूनच मिळत नाहीत. सेवापुस्तक बंद झाले की कार्यालय ते ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करते. कामावर असताना दिवंगत झालेल्यांची सेवापुस्तके या नियमातून वगळून कायम जपावीत, हा निर्णय स्थानिक पातळीवर घेता येण्यासारखा आहे.

14 एप्रिल हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्मदिवसही आहे आणि महाराष्ट्रात त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. ज्यांनी मजुरांच्या हक्कांसाठी कायदे घडवले, आणि 1944 च्या त्या दिवशी जे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळत होते, त्यांच्या जयंतीच्या दिवशी गोदीतील अनाम मजुरांचीही आठवण होणे औचित्याचे होईल.

ते 165 जण कोण होते, याचा शोध आज घेणे अवघड आहे, पण अशक्य मानण्याचे कारण नाही. स्फोटानंतर 1944 मध्येच नुकसानभरपाईसाठी खास वटहुकूम काढण्यात आला होता, म्हणजे दाव्यांचे कागद तयार झाले होते. मुंबईतील पुराभिलेख संग्रह, बंदराचे जुने दप्तर, महापालिकेच्या मृत्युनोंदी आणि त्या काळच्या रुग्णालयांच्या नोंदवह्या, अशा चार ठिकाणी नावे विखुरलेली असण्याची शक्यता आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टचे आता मुंबई बंदर प्राधिकरण झाले आहे; ते, महापालिका आणि अग्निशमन दल यांनी मिळून काही प्रशिक्षित अभ्यासकांना दोन-तीन वर्षे या कागदांवर बसवावे. जेवढी नावे सापडतील तेवढी 66 नावांच्या पुढे, त्याच यादीत, त्याच अक्षरांत लिहावीत, आणि ज्यांची सापडणार नाहीत त्यांच्यासाठी कामाचे स्वरूप आणि धक्क्याचा क्रमांक तरी नोंदवावा.